सोमवारपर्यंतचं लवंगतेल

मंचरच्या ज्या दातांच्या दवाखान्यात मी काम करते, तिथे सकाळी शटर वर केलं की पहिला वास लवंगेचा येतो. आदल्या संध्याकाळी फरशी फिनेलनं पुसलेली असते, बाटल्यांची बुचं मी स्वतः आवळलेली असतात, तरी पहिला वास लवंगेचाच. पेशंटना तो बरा वाटतो. इंजेक्शनच्या धास्तीनं आलेला माणूस बाकावर टेकतो, दोन-चार श्वास घेतो आणि म्हणतो, "मसाल्याच्या डब्यासारखा वास येतोय, घरचा." मी हो म्हणते आणि त्याचं नाव वहीत लिहिते.

सोळा वर्षं झाली मला इथे. नंबर लावणं, फोन घेणं, अवजारं धुऊन मशीनमध्ये वाफवायला ठेवणं, कापूस, हातमोजे, सुया संपायच्या आत मागवणं, ही माझी कामं. आणि सिमेंट कालवणं. काचेच्या पट्टीवर पांढरी पूड घ्यायची, शेजारी लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि चपट्या सुरीनं घोटत राहायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. डॉक्टर मॅडम ते कोरलेल्या दातात भरतात. ठणका बसतो. पण आधी कीड कोरून काढायची, मग लवंग. नुसती लवंग नाही. फोनवर रोज कुणा ना कुणाला मी हे सांगते, आणि वर मॅडमचं नेहमीचं वाक्यही सांगते : दुखायचं आपोआप थांबलं म्हणजे दात बरा झाला असं नाही, आतली नस मेली असंही असतं.

हे आधीच लिहून टाकलं, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं असं कुणाला वाटायला नको.

आमचं गाव मंचर आणि नारायणगावच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत. दोन भाऊ, एक घर, एक चूल. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. मी सकाळी साडेआठला घर सोडायची, ते त्यांच्या जिवावर. भाकरी, गुरं, शेतावरचं माणूसकाणूस त्यांच्याकडे. बँक, शाळा, रेशन, औषधं, कागद माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला माझी वही लटकलेली असायची. आक्कांना वाचता फारसं येत नव्हतं, पण वहीवर त्यांचा डोळा असायचा.

"काय काय लिवलं गं आज? माझं मरान बी लिहून ठिव त्यात, म्हंजी इसरायची न्हाईस."

"कुठल्या वारी लिहू, आक्का?"

"तुला सुट्टी असंल त्या वारी. खाडा कशाला तुझा!"

आणि स्वतःच हसायच्या.

त्यांचं माहेर जुन्नरच्या पलीकडे, घाटघरच्या वाटेवरचं. तिकडे एक म्हातारी दातातले किडे काढते. काटेरी रिंगणीची वाळलेली फळं असतात, त्यांच्या बिया ती लाल झालेल्या खापरीवर टाकते, वर नळी लावलेलं गाडगं पालथं घालते. नळी तोंडात धरून धूर दाढेपर्यंत ओढायचा, मग परातीतल्या पाण्यात लाळ सोडायची. पाण्यावर पांढरे बारीक दोऱ्यासारखे किडे तरंगतात. दाढेचा ठणका उतरतो. लग्नानंतर एकदा आक्कांबरोबर गेले होते तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिलं. येताना मूठभर बिया पदरात बांधून आणल्या. घरी तव्यावर टाकल्या, वर वाटी पालथी धरली आणि कुणाचंच तोंड न लावता ती वाटी पाण्यात धुतली. तेच पांढरे किडे. बियांच्या पोटातलेच कोंब उष्णतेनं बाहेर पडतात, एवढीच गोष्ट. मी आक्कांना बोलावून परात दाखवली.

त्यांनी पाहिलं. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजी आमच्या माहेरची सगळी येडीच म्हनायची."

"तसं नाही, आक्का."

"तसंच की. ऱ्हाऊ दे तुझी वाटी. मर्द हायेस खरी."

त्यानंतर त्या धुराचं नाव सहसा काढायच्या नाहीत. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

नऊ वर्षांमागे उन्हाळी कांद्याची काढणी चालू असताना आक्कांची उजवीकडची खालची शेवटची दाढ दुखायला लागली. घरात अकरा बायकांचा चहा, दुपारची कालवणं, साठवणीच्या बराखीत कांदा भरायचा. आक्का पदराचा बोळा गालावर दाबून हिंडत होत्या. शुक्रवारी सकाळी मला म्हणाल्या, "मी आपली येक दिस माहेराला जाते आन् धूर घिऊन येते. लई ठणकतंय."

मी म्हटलं, "धूरबीर काही नाही. सोमवारी अकराला तुमचा नंबर लावते. तोवर दवाखान्यातलं औषध आणते."

"दवाखान्यातलं?"

"हो. मॅडम जे दातात भरतात, तेच."

हे ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. दवाखान्यातलं म्हणजे झालंच. संध्याकाळी मी मॅडमना विचारून थोडं लवंगतेल घेतलं. गावात एका बाईला हवंय, एवढंच सांगितलं. कानाच्या औषधाची छोटी तपकिरी बाटली उकळून ठेवली होती, तीत ओतलं. आमच्या घरात हिंगाच्या डबीपासून बियाण्याच्या पिशवीपर्यंत सगळ्यावर माझी चिठ्ठी असते. या बाटलीवरही लावली : थोरली. दाढ. सोमवारपर्यंत. वरून चिकटपट्टी मारली, पुसू नये म्हणून.

आक्कांनी तीन दिवस कापसाचा बोळा बुडवून दाढेखाली धरला. रविवारी दुपारी ठणका थांबला.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. आक्का चुलीपुढे बसून मुद्दाम उजव्या बाजूनं भाकरी चावत होत्या, मला दिसेल अशी.

"थांबलं बघ," म्हणाल्या. "काय बी न्हाई आता. उगं कशाला एवढ्या गर्दीत खाडा करू?"

फोनवर सांगायचं ते वाक्य माझ्या तोंडात होतं. पण साडेआठची गाडी होती, बायका अंगणात येऊन उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर एक काम कमी झाल्याचं बरं वाटलं. खिळ्यावरची वही काढली. "आक्का, दाढ, सोमवार ११" या ओळीवर मी रेघ ओढली. मी पट्टीनं रेघ ओढते, हातानं वाकडी येते म्हणून. त्या दिवशी अकराचा नंबर दुसऱ्या एका बाईला दिला.

पुढच्या दोन आठवड्यांत दाढेचा विषय निघाला नाही. कांदा बराखीत गेला. मंगळवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा आक्का गरम मिठाची पुरचुंडी मानेला लावून बसल्या होत्या. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी भरल्यासारखं दिसत होतं. "पाट्या उचलून मान आखडली," म्हणाल्या. शब्द जड येत होते, तोंडात गरम घास असल्यासारखे. दोन दिवस पदराआड झाकत होत्या म्हणे. मी गुळण्या करायला सांगितल्या. वहीत लिहिलं, "आक्का, घसा, डॉक्टर?" पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

बुधवारी दुपारी दवाखान्यात घरून फोन आला, आक्कांना पुण्याला नेतोय म्हणून. गाडी मंचरला थांबली, मी मागच्या सीटवर बसले, आक्कांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांना थुंकीही गिळता येत नव्हती. जीभ वर टेकली होती. श्वासाला आवाज येत होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर लवंगेचा वास. सकाळी दुखायला लागल्यावर त्यांनी पुन्हा तोच बोळा धरला होता. विश्वास होता ना. चाकणच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेतच तो वास थांबला.

पुण्याच्या दवाखान्यातून एक कागद मिळाला. भाऊजी, म्हणजे आक्कांचे मालक, भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "काय लिवलंय?" कागदावर दोन गोष्टी होत्या. एक, साखर खूप वाढलेली होती. दुसरी, खालच्या दाढेचा पू जबड्याखाली आणि मानेत उतरून श्वास कोंडला. मी पहिली वाचून दाखवली.

"साखर," भाऊजी म्हणाले. "तरी गोड लई खायाची."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर कागदांच्या फायलीत, वीजबिलांच्या मागे. मॅडमनी विचारलं, कशानं गेल्या? मी म्हटलं, साखर. खोटं नव्हतं ते.

भेटायला आलेली माणसं मला म्हणायची, "दाढेचं तरी तू केलंस गं. तेवढा जीवाला आराम पडला तिच्या." भाऊजीही म्हणायचे. मी मान डोलवायची आणि चहा आणायला आत जायची. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बाटली कुणी टाकली नाही. देवाजवळच्या कोनाड्यात गेली. तेल संपलं की भाऊजी मेडिकलमधून आणून पुन्हा भरायचे. घरात कुणाचा दात दुखो, हिरडी सुजो, "आक्काची बाटली" निघायची. चिकटपट्टीखाली माझं अक्षर तसंच होतं. मी जेवणाच्या मसाल्यातून लवंग काढून टाकली, कुणाच्या लक्षात आलं नाही. पण उपयोग नव्हता. आक्कांच्या लुगड्यांच्या पेटीला तो वास होता. बराखीचं दार उघडलं की कांद्याच्या वासाखालून यायचा. कधी गाडीत, खिडकी उघडी असताना, शेजारी कुणी नसताना यायचा, आणि मी मांडीवरची पर्स उगाच सारखी करायची. दवाखान्यात सोमवारचा अकराचा नंबर मी तेव्हापासून कुणाला दिलेला नाही. मॅडमना वाटतं, ती माझी चहाची वेळ आहे.

आक्का गेल्यावर वर्षाने एका कामासाठी त्यांच्या माहेरी जाणं झालं. ती म्हातारी ओट्यावर हिरडा निवडत बसली होती. मला ओळखलं तिनं. मी न विचारता म्हणाली, "ती आली न्हाई माझ्याकडं."

"मी येऊ दिलं नाही," मी म्हटलं. "धुरानं काय झालं असतं?"

"धुरानं?" तिनं एक किडका हिरडा बाजूला टाकला. "काय बी झालं नसतं कदाचित. पर धूर दिला का मी तिसऱ्या दिशी बलावते. आ कर म्हनते, बत्ती धरते, बघते. सूज दिसली का सांगते, बाय, हे माझं काम न्हाई, जुन्नरचा दवाखाना गाठ." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी बघितलं व्हतं का?"

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. माझ्या पर्समध्ये टॉर्च असतो. मी आक्कांच्या तोंडात एकदाही पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही, यंदाच्या माघापर्यंत.

आक्कांची मुलगी, माझी पुतणी, आळेफाट्याला दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आली. आई नाही तिला, म्हणजे सगळं माझ्याकडे. मी चार पानी यादी केली : तपासणीच्या तारखा, गाडीवाल्याचे दोन नंबर, जुन्या मऊ साड्या, डिंक, हळीव, बाळंतशेपा. ती यादी वाचून हसायची, "काकी, बाळाला तारीख दिलीस का, का तेही वहीत बघून येणार?" हसणं थेट आईचं.

एका गुरुवारी ती गालावर हात ठेवून उठली. उजवीकडे, खाली. मी लगेच दवाखान्यात चल म्हटलं, तर शेजारच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या धावून आल्या. पोटुशीनं दाढेला हात लावायचा न्हाई, इंजेक्शन पोटात उतरतं, दात काढला तर लेकराला दात उशिरा येत्यात. भाऊजींनी कोनाड्यातली बाटली काढून लेकीच्या हातात दिली. तिनं बूच उघडून आधी नाकाला लावलं.

"आईचा वास," ती म्हणाली. डोळे मिटून.

मी वहीत "पुतणी, दाढ, सोमवार ११" असं लिहिलं. रोज दवाखान्याचं नाव काढलं, रोज ती म्हणाली, बाळंतपण झाल्यावर बघू. मी पुढे रेटलं नाही. जास्त जोर लावला असता तर का म्हणून विचारलं असतं तिनं.

शनिवारी सकाळी ती ओट्याशी उभी राहून दुधात भाकरी कुस्करत होती. मग कुस्करायची थांबली आणि कडक पापुद्रा तोडून उजवीकडे चावला.

"थांबलं बघ, काकी. काल रात्रीपासून काहीच नाही. आईच्या बाटलीनं थांबलं. तुझा सोमवार कॅन्सल."

वही समोरच होती. माझा हात सवयीनं पट्टीकडे गेला. रेघ निम्मी ओढून झाली तेव्हा मला कळलं मी काय करतेय.

"इकडे ये," मी म्हटलं. "आ कर."

"अगं, थांबलंय म्हटलं ना."

"आ कर."

मी टॉर्च धरला. दाढ मधून काळी पोकळ, आणि खाली हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फोड. जबड्याखाली बोटांनी दाबलं तर ती कळवळली.

"आत्ता निघायचं," मी म्हटलं.

"काकी, उगाच काय? दुखत नाहीये तर? बाबा ओरडतील, ह्या बाया जीव खातील. आईचं नाही का थांबलं असंच? तिला काय झालं दाढेनं?"

मी तिला स्टुलावर बसवलं. फायलीतून, वीजबिलांच्या मागून तो कागद काढला आणि तिला दिला. इंग्रजी ती माझ्यापेक्षा बरं वाचते. मी समोर उभी राहून नऊ वर्षांमागच्या त्या शुक्रवारपासून सांगितलं. धूर, माझी वाटी, बाटली, भाकरी, रेघ. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं सांगताना रडू येईल. आलं नाही. कामाची यादी वाचावी तसंच वाचलं गेलं.

तिनं कागद दोनदा वाचला.

"बाबांना माहितेय?"

"नाही."

"मग कोणाला माहितेय?"

"मला."

तिनं पोटावर हात ठेवला. मग विचारलं, "दुखायचं थांबल्यावर आई किती दिवस होती?"

"सतरा."

"नऊ वर्षं आम्ही ह्या बाटलीला देवाजवळ ठेवलं, काकी." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू रोज बघत होतीस."



तिनं कागद माझ्या हातात दिला, ओट्याला धरून उठली, चपला घातल्या. दारात वळून म्हणाली, "चल की. का सोमवारपर्यंत थांबायचंय?"

मॅडमनी आधी तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन लावला, मग खुर्चीत घेतलं. बधिर करायचं इंजेक्शन दिलं, दाढ उघडली, पू वाहून जाऊ दिला, आत धुतलं. मी सक्शनची नळी धरून उभी होते. तिचे डोळे छतावरच्या दिव्याकडे होते, माझ्याकडे नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सिमेंट."

मी काचेची पट्टी घेतली. पूड, दोन थेंब. घोटायला लागले आणि वास वर आला. सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडून पूड टेबलावर सांडली. दुसऱ्यांदा घेतली. कीड निघाली होती, आता लवंग. क्रम बरोबर होता. तरी खुर्चीतल्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं ते दुखून आलं नव्हतं, हे मला आणि तिलाच ठाऊक.

हात धुताना मॅडम म्हणाल्या, "वेळेत आणलीस."

"एकदा नव्हती आणली," मी म्हटलं.  मग त्यांनाही सांगितलं. त्यांनी नळ बंद केला, पूर्ण ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला विचारायला हवं होतंस गं त्या सोमवारी." हो. तेच.

परतताना आम्ही रिक्षा केली. गावाचा फाटा आला तेव्हा बधिर ओठांनी, अडखळत म्हणाली, "बाबांना मी सांगू, का तू सांगतेस?"

"मी सांगते."

"आज?"

"आत्ता."

ती घरात गेली. मी परभारे बराखीकडे वळले. भाऊजी राहिलेला कांदा निवडत बसले होते, सडका एका बाजूला, चांगला एका बाजूला. माझी चाहूल लागली तसं मान न वळवता म्हणाले, "झाली का पोरीची दाढ? नेलीसच ना शेवटी?"

"नेली. बरी आहे ती." वास आलाच होता, नेहमीसारखा, माझ्या आधी. मी पर्समधून कागद काढला. "भाऊजी, पुण्याचा हा कागद मी तुम्हाला अर्धाच वाचून दाखवला होता."

त्यांनी हातातला कांदा कुठल्याच ढिगात न टाकता धरून ठेवला. मग पायानं एक रिकामी पाटी माझ्याकडे सरकवली, पालथी करून.

"बस," म्हणाले. "वाच."